अण्णा नावाचा खलनायक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या गुन्हेगारीपटांवर आलेल्या लेखात विधु विनोद चोप्रा यांच्या ‘परिंदा’ला (१९८९) जेमतेम चार ओळी मिळाल्या आणि त्यांतही ‘टोळीयुद्धाचा चित्रपट’ अशी त्याची बोळवण झाली. नाना पाटेकर यांनी साकारलेल्या अण्णाची, त्या टोळीच्या म्होरक्याची, लेखकाने केलेली स्तुती रास्तच आहे. त्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला होता. परंतु हा चित्रपट पाहताना जीव टांगणीला लागतो तो पिस्तुलांमुळे नव्हे, तर थोरल्या भावाच्या इमानामुळे, हे लेखातून निसटले, म्हणून हा पत्रप्रपंच.

किशन (जॅकी श्रॉफ) अण्णाच्या पदरी राहतो तो धाकट्या करणला (अनिल कपूर) वाढवायला आणि शिकवायला. करण अमेरिकेहून शिकून परततो आणि कबुतरखान्यापाशी त्याचा जिवलग मित्र, इन्स्पेक्टर प्रकाश, त्याच्या डोळ्यांदेखत अण्णाच्याच माणसांच्या गोळ्यांना बळी पडतो. दोन मित्रांची भेट पुरती होते न होते तोच सगळा पडदा पंखांच्या फडफडाटाने भरून जातो, आणि ज्या हातांनी मिठी मारायची त्याच हातांत मित्राचे कलेवर येते. संकलनाचा राष्ट्रीय पुरस्कार रेणू सलुजा यांना या चित्रपटासाठी का मिळाला, हे या एका प्रसंगावरून कळावे. (लेखात त्यांचे नावही नाही.) येथून पुढे किशनची खरी कोंडी सुरू होते: ज्याचे मीठ खाल्ले तो एका बाजूला, ज्याच्यासाठी खाल्ले तो दुसऱ्या बाजूला, आणि दोघांचेही आपण देणे लागतो अशी त्याची प्रामाणिक समजूत. ‘तू गप्प राहा’ हे थोरल्याचे सांगणे मायेपोटी आलेले असते, पण त्याचा लाभ खुन्यांनाच होतो.

आमच्या भागात हा चित्रपट थोडा अधिक बोचतो, त्याचे कारण खलनायकाचे नाव. बेळगाव-खानापूरकडे शेजारच्या कन्नड घरांत थोरल्या भावाला अण्णा आणि धाकट्याला तम्मा म्हणतात. आम्हा मराठी घरांतही ‘अण्णा’ ही हाक रुळलेली आहे. म्हणजे किशनने ज्याच्यापुढे मान तुकवली, तो नावाने थोरला भाऊच आहे. पटकथाकारांनी हे जाणून केले असेल वा नसेल, पण एका थोरल्याने दुसऱ्या थोरल्याला शरण जाऊन धाकट्याला वाचवू पाहावे, ही गोष्ट त्या नावामुळे आम्हाला फार जवळची वाटते.

माझे वडील लवकर गेले. थोरल्या भावाने आठवीतून शाळा सोडली आणि तो उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत साच्यांच्या वाळूत राबू लागला. त्याच्या पगारावर मी शिकून शिक्षक झालो. घरीदारी सगळे त्याला अण्णाच म्हणतात. ‘परिंदा’ आम्ही दोघांनी बेळगावात पाहिला आणि खानापूरची शेवटची बस धरली. उद्यमबाग मागे पडून मच्छे येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता. मग एवढेच म्हणाला, “नाव तरी दुसरं ठेवायचं होतं की.”

पुढे २०१५ मध्ये चोप्रा यांनी हीच कथा ‘ब्रोकन हॉर्सेस’ या नावाने इंग्रजीत केली आणि ती मुंबईहून उचलून अमेरिका-मेक्सिको सीमेवर नेली. सीमाभागातल्या वाचकांना याची गंमत वाटेल, पण तिथे त्या म्होरक्याचे नाव ज्युलियस हेन्च आहे आणि या नावात कुठलेच नाते नाही. भावाभावांची गोष्ट तीच राहिली, तरी मधला काटा गेला.

लेखकाने शेवटाला ‘सूडाचा थरार’ म्हटले आहे, तेही मला पटत नाही. लग्नाच्या रात्री बोटीवर करण आणि पारो (माधुरी दीक्षित) मारले गेल्यावर किशन अण्णाला संपवतो तो आगीत, ज्या आगीला अण्णा आयुष्यभर भीत आला. इतकी वर्षे जवळ राहून धन्याची भीती त्याला ठाऊक झालेली असते, आणि तीच तो वापरतो. तोवर ज्याच्यासाठी हे सारे केले, तो धाकटा उरलेला नसतो.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक,
खानापूर, जि. बेळगाव