१९ वेळा ‘कृती यशस्वी’

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतला, सर्व्हर आता स्वतःच स्वतःला दुरुस्त करतात अशा आशयाचा लेख वाचला. ‘रात्रपाळीला माणूस ठेवायची गरज उरली नाही’ या वाक्याशी येऊन अडखळलो. मी एका सहकारी बँकेचे सर्व्हर सांभाळतो, आणि आमच्याकडची रात्रपाळी माझ्याच हातून बंद झाली होती.

आमच्याकडे दोन मोठ्या सर्व्हरच्या पोटात सॉफ्टवेअरने उभी केलेली चौतीस मशीन चालतात. त्यांवर व्हीसेंटर हे व्हीएमवेअर कंपनीचं सॉफ्टवेअर लक्ष ठेवतं. एखाद्या मशीनच्या सीपीयूवर, म्हणजे मेंदूवर, कामाचा ताण वाढला, जागा भरत आली, की अलार्म. अलार्मला नुसता मेल जोडता येतो, तसं एखादं स्क्रिप्टही, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञांची यादी, जोडता येतं. मी लिहिलेलं स्क्रिप्ट चार ओळींचं होतं: सीपीयूचा वापर सलग ५ मिनिटं ९०% च्या वर राहिला, तर मशीन अडकलं समजायचं आणि रिसेट मारायचा. ऑगस्टमध्ये लावलं. प्रिंट सर्व्हर दोनदा अडकला, दोन्ही वेळा कुणाला पत्ता लागायच्या आत सुरळीत झाला. मीटिंगमध्ये पाठ थोपटली गेली आणि रात्रपाळीच्या मुलाला दिवसपाळीत घेतलं.

मग ३० सप्टेंबर आला. तिमाही अखेर, बचत खात्यांवर व्याज जमा करायची रात्र. त्या कामाला सीपीयू तासभर शंभर टक्के लागतो आणि लागायलाच हवा. स्क्रिप्टला काय कळणार? त्याने काम करणाऱ्या मशीनलाच अडकलेलं ठरवलं. रिसेट. मशीन उठलं, व्याजाचं काम पहिल्या शाखेपासून पुन्हा सुरू झालं, सीपीयू पुन्हा वर, पुन्हा रिसेट. पहाटे साडेपाचला उठून मोबाइल पाहिला तर १९ मेल, प्रत्येकाचा विषय एकच: ‘कृती यशस्वी’. दहा वाजता शाखांमध्ये पासबुक छापायच्या मशीनपुढे रांगा लागल्या, आणि पेन्शनर मंडळींची समजूत काढणं कॅशियरच्या नशिबी आलं. त्यांची अजून माफी मागायची राहिली आहे.

लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. हेच काम करणारी सोय व्हीएमवेअरमध्ये आधीपासून आहे आणि ती माझ्यापेक्षा कितीतरी सावध आहे. आतल्या मशीनची नाडी लागेनाशी झाली, तरी ती लगेच हात उगारत नाही. गेल्या दोन मिनिटांत डिस्कवर किंवा नेटवर्कवर काही हालचाल झाली का, ते आधी बघते. रिसेट करायची वेळ आलीच तर स्क्रीनचा फोटो काढून ठेवते, म्हणजे आधी पंचनामा. आणि ठरलेल्या मुदतीत तीनदा रिसेट करूनही भागलं नाही, तर थांबते. माझ्या चार ओळींमध्ये यातलं काहीच नव्हतं. मोजणंसुद्धा नाही!

हे फक्त छोट्या बँकेतच होतं असं नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला व्हॉट्सअॅप सुमारे सहा तास बंद होतं, ते वाचकांना आठवत असेल. मूळ चूक देखभालीच्या वेळी दिलेल्या एका कमांडची होती. पण डेटा सेंटरशी संपर्क तुटला की स्वतःहून बाजूला व्हायचं, अशी व्हॉट्सअॅपच्या मालक फेसबुकच्या डीएनएस सर्व्हरची (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरची) शिकवण होती. संपर्क सगळ्यांचाच तुटला, सगळेच बाजूला झाले, आणि इंटरनेटच्या लेखी फेसबुक उरलंच नाही.

स्क्रिप्ट आम्ही काढून टाकलेलं नाही. जागा वाढवणं, मशीन दुसऱ्या सर्व्हरवर हलवणं, असली कामं ते बिनबोभाट करतं. पुसणं आणि रिसेट मात्र फोनवर विचारून. त्या फोनसाठी आम्ही तिघं आळीपाळीने जागे असतो, आणि भत्त्याचा अर्ज गेले चार महिने संचालकांच्या टेबलावर आहे. परवा रात्री अडीचला माझी पाळी होती. लॉगची, म्हणजे सर्व्हरवर काय काय घडलं त्या नोंदींची, डिस्क भरत आली होती. ‘जुने लॉग पुसू का?’ असा प्रश्न आला. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशानुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात, आणि ते जेमतेम तीन महिन्यांपूर्वीचे होते. ‘नाही’ दाबलं, डिस्क ५० जीबीने वाढवली आणि झोपलो.

आपला,
एक सिस्टिम अॅडमिनिस्ट्रेटर, सांगली
(विनंतीवरून नाव छापलेले नाही)