मेळघाटातली सात दिवसांची साक्षरता

महोदय,

डिसेंबर-जानेवारीत राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरे मेळघाटातल्या गावांत येतात. रात्री प्रौढांचा वर्ग भरतो आणि शेवटच्या दिवशी बायामाणसे फळ्यावर सही करून दाखवतात. मुलामुलींची तळमळ खरी असते, म्हणूनच हे लिहितो आहोत.

मुळात तारीख चुकते. दिवाळीनंतर शेतातले काम आटोपले की धारणी-चिखलदऱ्यातली तरणी माणसे मजुरीला बाहेर पडतात, ती होळीला परततात. शिबिराला भेटतात म्हातारी माणसे आणि लेकरे. साक्षरतेची परीक्षाही २०२४ साली १७ मार्चला झाली. होळी पेटायची होती २४ला.

दुसरी चूक तक्त्यांची. इथे घरोघर बोलली जाणारी कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचे नाते नाही. ‘प’ शिकवायला पाण्याचे चित्र धरले की बाई म्हणते ‘डा’, कारण कोरकूत पाण्याला डा म्हणतात. चित्र आणि अक्षर यांची सांगडच बसत नाही. मग ती पान पाठ करते आणि तोच शब्द दुसरीकडे दिसला की अडते. त्याऐवजी एसटीच्या पाटीवरच्या ‘धारणी’पासून सुरुवात करावी. ध, र, ण, काना आणि दुसरी वेलांटी एवढ्यावर राधा, राणी ही नावे लिहून होतात. त्यात ‘ड’ मिळवला की घागरीवर खडूने ‘डा’ लिहिता येते. आपली बोली लिहिता येते हे कळले की वर्गाचा नूर पालटतो.

चाळिशीपुढच्या बाया ‘डोक्यात राहत नाही’ म्हणतात, तेव्हा बहुतेकदा त्यांना जवळचे दिसत नसते. सुईत दोरा ओवायला नातवाला हाक मारत असतील, तर आधी चष्मा. अधिक एक ते अधिक अडीच नंबरचे तयार चष्मे सोबत आणावेत. चष्म्यानेही धूसरच दिसले, तर आरोग्य केंद्रात पाठवावे.

आकडे दोन्ही लिपींत शिकवावेत. मोबाइलवर इंग्रजी आकडे, पुस्तकात मराठी. मराठी एक इंग्रजी नऊसारखा दिसतो, सात सहासारखा. रोजगार हमीच्या जॉबकार्डावरचे दिवस स्वतः मोजायचे, तर हा घोळ आधी सुटायला हवा.

सहीचे म्हणाल, तर ती पुष्कळदा चित्रासारखी गिरवलेली असते. नावातली अक्षरे उलटसुलट सांगून लिहायला लावले की खरे काय ते कळते.

सात रात्री दीड-दीड तास म्हणजे साडेदहा तास. एवढ्यात कुणी वाचायला लागत नाही. पण तेवढ्यात घरोघर फिरून निरक्षरांची यादी होते, चष्मे देऊन होतात आणि गावातल्याच दहावी-बारावी झालेल्या दोन मुली किंवा सुना शिकवायला तयार करता येतात. खरा वर्ग त्यांनी होळी ते मृग चालवावा. पंच्याहत्तर-ऐंशी रात्री मिळतात. मोहफुले वेचायला पहाटे निघायचे असते, म्हणून नऊपर्यंत वर्ग सुटावा. पाच-सहा जणींमागे एक सौर कंदील लागतो.

महाविद्यालयांनी त्याच गावात महिन्यातून एका रविवारी दोघा-तिघांना पाठवावे आणि निदान तीन वर्षे गाव बदलू नये, अशी विनंती.

— साक्षरता कार्यकर्ते, धारणी तालुका