शेपटीच्या झटक्याचा दोष रेडिओला नको

मा. संपादक,
स. न.

रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल हेलिकॉप्टरची शेपटी मध्येच झटका देते, सर्व्हो (पाती वळवणाऱ्या छोट्या मोटरी) थरथरतात आणि दोष रेडिओच्या, म्हणजे रिमोटच्या यंत्रणेच्या, माथी मारला जातो. शेपटीचा पंखा रबरी पट्ट्यावर चालत असेल तर आधी स्थिर विद्युत तपासा. हा पट्टा पुलीला चिकटत-सुटत राहतो, त्यातून टेल बूमवर (शेपटीच्या लांब नळीवर) विद्युतभार साठतो. बूम प्लॅस्टिकच्या क्लॅम्पमध्ये असला की त्या भाराला वाट नसते. मग जायरोच्या (शेपटी स्थिर ठेवणाऱ्या सेन्सरच्या) वायरीकडे ठिणगी उडते. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हा त्रास जास्त, कोकणच्या दमट हवेत कमी.

उपाय अगदी स्वस्त आहे. बॅटरी काढा. बूमच्या पुढच्या टोकाला, क्लॅम्पखाली झाकला जाईल असा नखाएवढा भाग पॉलिश पेपरने घासून चकचकीत धातू उघडा करा. रंग आणि अ‍ॅनोडायझिंग (अ‍ॅल्युमिनियमवरचा संरक्षक थर) दोन्ही वीज अडवतात. बहुतेकांचे इथेच चुकते. तिथे बारीक तारांची मऊ वायर दाबून बसवा, दुसरे टोक रिंग टर्मिनल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) लावून मोटर माउंटच्या, म्हणजे मोटर बसवलेल्या धातूच्या भागाच्या, स्क्रूखाली आवळा. मल्टिमीटरवर बूम ते माउंट १-२ ओहमच्या आत आले पाहिजे. टेल गिअरबॉक्स (शेपटीच्या पंख्याची पेटी) ते बूम हेही मोजा. कार्बन फायबरच्या बूमवरचा रेझिनचा थरसुद्धा घासावा लागतो. आकडा थोडा चढा येतो, तो चालतो. घासताना निघणारी काळी पूड मात्र ओल्या फडक्यानेच पुसा, सर्किटवर पडली तर शॉर्ट होते.

अँटिस्टॅटिक (स्थिर विद्युत साठू न देणारा) स्प्रे काही उड्डाणांपुरता टिकतो. वायरीला पर्याय नाही.

– एक मॉडेलप्रेमी, नागपूर