आधी नहाणी ट्रॅप, मग फॉल्स सीलिंग

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत घरसजावटीचं पान येतं ते मी न चुकता बघते. फोटो छानच असतात, पांढराशुभ्र सोफा आणि त्यावर एक डाग नाही, म्हणजे त्या घरात एकतर पोरं नाहीत नाहीतर आमटी होत नाही. पण इतक्या वर्षांत त्या पानावर नहाणी ट्रॅप, म्हणजे बाथरूमच्या जाळीखालचं पाणी वाहून नेणारं भांडं, काही मला दिसला नाही, म्हणून हे पत्र.

आम्ही कोथरूडला १९८६ च्या बिल्डिंगमध्ये राहतो, तिसरा मजला, लिफ्ट नाही. ह्यांच्या रिटायरमेंटचे पैसे आले तेव्हा घर नवीन करायचं ठरलं. ठरलं म्हणजे काय, मुलगी मोबाईलवर फोटो पाठवत गेली आणि आम्ही वाहवत गेलो. हॉलला फॉल्स सीलिंग, टीव्हीमागे पॅनल, हे सगळं आधी पक्कं, आणि बाथरूमचं काय तर कॉन्ट्रॅक्टर म्हणाला जुन्या फरशीवरच नवीन टाइल चिकटवू, फोडाफोड नाही, राडारोडा नाही, चार दिवसात मोकळे. आम्हाला ऐकायला गोडच वाटलं.

आठ महिन्यांनी खालच्या काकू वर आल्या, भांडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या "जरा खाली येता का". त्यांच्या बाथरूमच्या छताला पोपडे आणि बल्बच्या होल्डरमधून टपटप पाणी! मग सगळं फोडलंच. दुसऱ्या गवंड्याने मला वाकायला लावून दाखवलं, जुना नहाणी ट्रॅप तसाच ठेवून वर नवी चकचकीत जाळी बसवलेली, आणि ट्रॅपच्या कडेला माझी करंगळी जाईल एवढी फट. पाणी जाळीतून कमी आणि त्या फटीतून स्लॅबमध्ये जास्त जात होतं. शिवाय फरशीवर फरशी आल्याने दार अडकायला लागलं म्हणून सुताराला बोलवून खालून तासून घेतलं होतं ते वेगळंच.

या गवंड्याने जुनी फरशी, कोबा सगळं काढलं, ट्रॅप बदलला, वॉटरप्रूफिंगचे हात दिले, कोपऱ्यात नीट आणि भिंतीवर फूटभर वरपर्यंत. मग ट्रॅपमध्ये बोळा घातला आणि पाणी भरून ठेवलं. ४८ ते ७२ तास ठेवायचं असतं म्हणाला, आणि टाइल बसवायच्या आधी, नंतर नाही. मी भिंतीवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलने रेघ मारली आणि तीन दिवस सकाळ संध्याकाळ खाली जाऊन काकूंच्या छताला स्टुलावर चढून हात लावून बघितला. मग टाइल बसवताना ढाळ बरोबर आहे का ते तांब्याने पाणी ओतून बघितलं. एवढं पहिल्यांदाच केलं असतं तर ६५ हजार वाचले असते, त्यात काकूंचा मनस्ताप धरलेला नाही.

चूक कॉन्ट्रॅक्टरची होतीच पण आमचीही होती. त्याने एका कागदावर "बाथरूम काम लमसम" एवढंच लिहून दिलं आणि आम्ही मान डोलावली. त्यात ट्रॅप आहे का, पाइप नवीन का जुने, काहीच नाही. खाली बारीक अक्षरात "जीएसटी वेगळा", तो १८ टक्के, म्हणजे १० लाखाच्या कामावर १ लाख ८० हजार! किचनचं मात्र शहाणपणाने केलं, भवानी पेठेत टिंबर मार्केटला स्वतः गेलो आणि सिंकखालच्या कपाटाला ७१० नंबर छापलेलाच प्लाय घेतला, तो पाण्याला टिकतो. ओटाही माझ्या उंचीचा करून घेतला. गीझर आणि एसीला ४ स्क्वेअर एमएमची वेगळी वायर आणि मेन बोर्डात ३० मिलीअँपची आरसीसीबी, शॉक लागला तर लगेच सप्लाय तोडते ती. यातलं काहीच फोटोत येत नाही.

हॉलमधली जुनी मोझॅक काढून व्हिट्रिफाइड टाका असं सगळे सांगत होते, फक्त ह्यांनी ऐकलं नाही, आणि मी ते कबूल करते कारण नेहमी करत नाही. पॉलिशवाला मशीन घेऊन आला, आधी जाड मग बारीक दगडाने पाणी टाकून घासलं, शेवटी ऑक्झॅलिक पावडर. दोन दिवस घरभर करडा चिखल, पण आता त्यातले हिरवे पिवळे खडे लग्न होऊन आले होते तेव्हासारखे दिसतात.

अजून एक, भिंती. हल्ली ज्याला त्याला ओपन किचन हवंय. पेठांमधल्या कितीतरी जुन्या इमारतींत कॉलम नाहीत, भिंतीच स्लॅब तोलून धरतात. आणि मुलीच्या पुनावळ्याच्या टॉवरमध्ये उलटी तऱ्हा, तिथे मिवान पद्धतीने, म्हणजे साचे लावून त्यात काँक्रीट ओतून, आतल्या भिंतीसुद्धा सिमेंट काँक्रीटच्या, एक पॉइंट सरकवायचा तरी छिन्नी मारायची सोय नाही. तिला ताबा मिळून वर्ष झालंय आणि बाथरूम फोडायचं म्हणते. रेरा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या कायद्याप्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर बिल्डरने ३० दिवसात फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो, पण आपणच तोडफोड केली की तो हात वर करायला मोकळा. अगं थांब म्हटलं, ऐकेल असं वाटत नाही.

तर संपादक साहेब, महिन्यातून एकदा तरी त्या पानावर उघड्या पाइपचा, फोडलेल्या बाथरूमचा फोटो छापा आणि शेजारी कामाचं खरं बिल. आमचा फोटो लागला तर देते, ट्रॅपचा आहे, फोडताना काढलेला.

काकूंच्या छताला रंग आम्हीच देणार आहोत, पण स्लॅब अजून ओला आहे, गिलावा पूर्ण वाळल्याशिवाय रंग टिकणार नाही, म्हणून दिवाळीनंतर देऊ असं त्यांच्याशी बोलणं झालंय. तोवर स्टूल त्यांच्याकडेच आहे.

आपली,
एक जुनी वाचक, कोथरूड, पुणे