नववीतल्या वाचकासाठी: ग्रंथालयांच्या मंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

मी तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. मुलांच्या पुस्तकांचं गाऱ्हाणं खरं तर शालेय शिक्षण खात्याकडे न्यायचं. पण ग्रंथालय संचालनालय तुमच्याकडे, म्हणून तुमच्या दारात.

संध्याकाळी खो-खोचा सराव सुटला की चार-पाच मुली थेट आमच्याकडे येतात. गुडघे सोललेले, नखांत लाल माती. त्यातल्या नववीतल्या एकीला मी पैलवान खाशाबा जाधवांचं चरित्र दिलं. १९५२, हेलसिंकी ऑलिंपिक, कांस्यपदक. प्रवासखर्चासाठी प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवलं, तो भाग तिला फार आवडला. पुस्तक परत करताना विचारते, "मॅडम, माझ्याएवढे असताना खाशाबांना कुणी आवडायचं का हो?"

मला हसू आलं. पण तिच्या प्रश्नाला द्यायला कपाटात पुस्तक नव्हतं. खालच्या फळीवर परीकथा, वर मोठ्यांच्या कादंबऱ्या, मधे चरित्रं आणि स्पर्धा परीक्षांची गाईडं. गाईडं मात्र दरवर्षी न चुकता येतात.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले, दोन्ही कर्णधार मराठी: प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर. अभिमान वाटलाच. पण पाटीवर बसून खो मिळायची वाट बघताना जिची नजर शेजारच्या मैदानावरच्या एका मुलाकडे जाते, त्या मुलाचं आडनाव कळल्यावर घरात जिच्याशी अबोला धरला जातो, 'दहावी झाली की खेळ बंद' असं जिला बजावलेलं असतं, तिची गोष्ट विजयाच्या फ्लेक्सवर मावत नाही. ती कादंबरीतच मावते. उपदेश न करणाऱ्या, बरं का. उपदेशाचा वास या मुलींना पहिल्या पानावरच येतो.

प्रेमाचा विषय निघाला की पुस्तकं निवडणारी मोठी माणसं कावरीबावरी होतात, मुली बिघडतील म्हणतात. मोबाइल सगळ्यांच्याच हातात आहे, साहेब.

मागणी एकच. शासनाच्या ग्रंथखरेदीत तेरा ते अठरा वयाच्या कादंबऱ्यांसाठी वेगळा वाटा ठेवा. खप दिसला तर प्रकाशक मागतील, लेखक लिहितील. आणि यादी ठरवायला त्या वयाची दोन मुलं-मुली बसवा.

ती मुलगी परवा पुन्हा आली होती. वरच्या फळीवरची एक कादंबरी मी तिच्या दप्तरात सरकवली. देवघेवीच्या वहीत नोंद माझ्या नावावर केली आहे.

आपली,
एक ग्रंथपाल