काविळीच्या तान्ह्या बाळांसाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

ग्रामीण रुग्णालयाच्या बाळंतिणींच्या कक्षातील निळ्या दिव्यांची दोन्ही यंत्रे आपल्या मंडळाची आहेत, हे आपण जाणताच. पहिले यंत्र आपल्या मुख्याध्यापिका बाईंनी निवृत्तीच्या रकमेतून घेऊन दिले. दुसऱ्यासाठी बाजारपेठेतील व्यापारी बांधवांनी एका गणेशोत्सवात रोषणाईच रद्द केली; त्या वर्षी मंडपात फक्त समया तेवत होत्या, आणि तितका देखणा गणपती आम्ही पुन्हा पाहिला नाही. बाळांचे डोळे झाकण्याच्या पट्ट्या शिवणवर्गाच्या भगिनी आजही विनामोबदला शिवून देतात. या सर्वांचे ऋण मंडळ विसरलेले नाही.

मात्र यंत्रांतील ट्यूब आता जुन्या झाल्या आहेत. दिवा निळा दिसत असला तरी त्याचा जोर कमी झालेला असतो, आणि ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही. पूर्ण दिवसांच्या शंभरातील साधारण ६० बाळांना पहिल्या आठवड्यात कावीळ दिसते. बहुतेकांची ती आपोआप ओसरते, परंतु ज्यांच्या रक्तातील बिलिरुबिन, म्हणजे कावीळ आणणारे पिवळे द्रव्य, फार चढते त्यांच्या मेंदूला आणि श्रवणशक्तीला कायमची इजा होऊ शकते. अशा बाळाला कोवळे ऊन पुरत नाही; या यंत्रांचा निळा प्रकाशच लागतो.

दुसरी गरज बाळाच्या शीचे रंग दाखवणाऱ्या पत्रिकांची आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या कार्यकर्तीने लंगोट वाळत घालणाऱ्या एका आजींना सहज विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “शी शाडूसारखी होते, पण बाळ अंगाने भरतंय की!” बाळ अडीच महिन्यांचे होते, डोळे पिवळे होते आणि गळ्यात काविळीची माळ होती. पित्तनलिका, म्हणजे यकृतातून आतड्यात पित्त नेणारी नळी, बंद असलेल्या अशा बाळावर जपानच्या डॉ. मोरिओ कासाई यांनी १९५० च्या दशकात शोधलेली शस्त्रक्रिया शक्यतो ६० दिवसांच्या आत व्हावी लागते. आम्ही त्याला तातडीने मुंबईला पाठवले, पण मोलाचे दिवस निघून गेले होते. दोन आठवड्यांनंतरही टिकणारी कावीळ, पांढुरकी शी आणि लंगोटाला पिवळा डाग पाडणारी लघवी ही लक्षणे ओळखता यावीत, म्हणून प्रत्येक बाळंतिणीच्या हाती शीच्या रंगांची चित्रपत्रिका देण्याचे मंडळाने ठरवले आहे.

वार्षिक सभेला सभागृह भरते, टाळ्याही मिळतात. तरीही मागील वर्षी याच कामासाठी दारोदार फिरलेल्या आमच्या भगिनींना अनेक परिचित घरांतून “नंतर या” एवढेच ऐकावे लागले, याचे मनापासून वाईट वाटले. यंदा तसे होऊ नये, ही कळकळीची विनंती.

एलईडी यंत्रे २, पत्रिकांची छपाई व मुंबईला जाणाऱ्या पालकांचा प्रवासखर्च यांसाठी निधी हवा आहे. रक्कम कितीही चालेल. रोख अथवा मंडळाच्या नावे धनादेश, कार्यालयात सायं. ५ ते ७, रविवार बंद, पावती अवश्य घ्यावी. मुदत महिनाअखेर.

आपली,
चिटणीस