तुरुंगाची पाहणी आधी कळवून करू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुरुंगात क्षमतेच्या कितीतरी पट माणसं कोंबलीत ही बातमी आपल्या पेपरात अधूनमधून येते, आर्थर रोडचं नाव तर ठरलेलंच, जागा हजाराच्या आतबाहेर माणसांची आणि आत तीन हजारांच्या वर. पण आत जाऊन बघतं कोण, कधी बघतं आणि बघितलेलं कुठे लिहून ठेवतं याबद्दल काहीच छापून येत नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या बहिणीचा मुलगा आत आहे. कच्चा कैदी, केस अजून उभी राहिलेली नाही. त्याने काय केलं, नाही केलं ते कोर्ट ठरवेल, त्यावर मला काही म्हणायचं नाही. कुठल्या जेलमध्ये आहे ते लिहीत नाही आणि माझं नावही छापू नका, कारण त्रास त्यालाच होईल. मुलाखतीच्या रांगेत उभं राहून बाकीच्या घरच्यांकडून जे ऐकायला मिळतं तेही त्याच्या सांगण्यासारखंच असतं. पाहणी येणार हे आत चार दिवस आधी कळतं. मग भिंतींना चुना लागतो, संडासांच्या दारांना कड्या बसतात, त्या दिवशी डाळ घट्ट मिळते, खोकणाऱ्यांना बराकीतून दवाखान्याकडे हलवतात. मग साहेब येतात, बाजूला सुपरिटेंडंट, मागे जेलर, आणि ओळीने बसवलेल्या माणसांना विचारतात, काही तक्रार आहे का. कोण बोलणार हो? साहेब अर्ध्या तासात निघून जाणार आणि बोलणाऱ्याला रात्र त्याच बराकीत काढायचीय, त्याच वॉर्डरसमोर!

आणि नियम नाहीत असं अजिबात नाही. केंद्र सरकारच्या मॉडेल प्रिझन मॅन्युअलमध्ये प्रत्येक जेलसाठी अभ्यागत मंडळ, म्हणजे जेलला भेट देऊन पाहणी करणारं मंडळ सांगितलंय, त्यात जिल्हा न्यायाधीश, कलेक्टर असे अधिकारी आणि शिवाय बाहेरचे अशासकीय सदस्य, म्हणजे सामाजिक काम करणारी माणसं. 2013 मध्ये माजी सरन्यायाधीश लाहोटी यांनी देशातल्या 1382 तुरुंगांच्या हालतीबद्दल सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं, त्या पत्राचीच याचिका झाली, आणि सप्टेंबर 2017 मध्ये कोर्टाने सगळ्या राज्यांना सांगितलं की 30 नोव्हेंबरपर्यंत ही मंडळं नेमा. त्याला किती वर्षं झाली बघा. मी मुलाखतीच्या खोलीबाहेर कितीतरी घरच्यांना विचारलं, वकिलांनाही विचारलं, या जेलचे अशासकीय सदस्य कोण आहेत ते एकालाही सांगता आलं नाही. ज्यांच्याकडे तक्रार करायची त्यांचं नावच कुणाला माहीत नसेल तर ते मंडळ नेमून उपयोग काय?

पाहणी कशी करायची हे जगाने केव्हाच ठरवलंय. संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये कैद्यांबद्दलचे नियम नव्याने केले, त्यांना नेल्सन मंडेलांचं नाव दिलं, त्यात साफ लिहिलंय की बाहेरच्या तपासनिसाला न कळवता जाता आलं पाहिजे, कुठल्या जेलमध्ये जायचं आणि कुणाशी बोलायचं ते त्याने ठरवायचं, आणि कैद्याशी बोलणं एकांतात, कर्मचारी जवळ नाही. रेड क्रॉसवाले तर कितीतरी वर्षं हेच करतायत. दक्षिण आफ्रिकेत रॉबेन बेटावरच्या जेलमध्ये मंडेला होते तिथे ते 1964 पासून जात होते, आणि आपल्याच सरकारने 1995 मध्ये त्यांच्याशी करार करून काश्मीर प्रकरणातल्या बंद्यांना भेटायची परवानगी दिली. त्यांच्या अटी ठरलेल्या असतात, सगळ्या जागा दाखवा, सगळे कैदी भेटवा, साक्षीदार न ठेवता बोलू द्या, नावं लिहून घेऊ द्या आणि पुन्हा येऊ द्या. यातली शेवटची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. परत येऊन तोच माणूस नावाने बोलावला की जेलला कळतं, याला काही झालं तर विचारणारं कुणीतरी आहे. रेड क्रॉसचे अहवाल जाहीर होत नाहीत, ते सरकारला देतात, नाहीतर त्यांना आत कुणी घेणारच नाही, हे समजू शकते. पण आपलं अभ्यागत मंडळ आपल्याच कायद्यातलं आहे, त्याचा अहवाल लोकांपासून लपवायचं काहीच कारण नाही.

मानवी हक्क आयोगाचंच बघा. 1993 च्या कायद्यात आयोगाला जेलमध्ये जाता यायचं पण राज्य सरकारला कळवून. 2006 च्या दुरुस्तीत ते कळवणं काढून टाकलं. म्हणजे न सांगता गेलं तरच खरं दिसतं हे संसदेलाही पटलंय, मग जिल्ह्याच्या पाहणीलाच आधी फोन कशाला जातो? आणि कोठडीत मृत्यू झाला तर 24 तासांत आयोगाला कळवायचा नियम 1993 पासून आहे, पण माणूस जिवंत असताना त्याची चौकशी करायला कुणी जावं यासाठी एवढी घाई कुणालाच नसते.

भायखळ्याच्या महिला जेलमधली एक कैदी बाई जून 2017 मध्ये वारली, रेशनमधली दोन अंडी आणि पाच पाव कमी पडल्याचं विचारलं म्हणून मारहाण झाली असा आरोप आहे, कर्मचाऱ्यांना अटकही झाली. आदिवासींसाठी काम करणारे पाद्री फादर स्टॅन स्वामी तळोजा जेलमध्ये कच्चे कैदी होते, ऐंशीच्या पुढचं वय, पार्किन्सन, हातात ग्लास धरवत नव्हता, स्ट्रॉ आणि सिपरसाठी त्यांना कोर्टात अर्ज करावा लागला. जुलै 2021 मध्ये ते कोठडीतच वारले. त्यांच्या केसबद्दल तुमचं मत काहीही असो, पाणी प्यायची नळी हा कोर्टाचा विषय व्हायलाच नको होता, महिन्यातून एकदा जरी बाहेरचा डॉक्टर त्यांच्याशी एकटा बोलला असता तर तिथल्या तिथे मिटला असता.

लोक म्हणतात गुन्हेगारांचे लाड कशाला. 2022 च्या अखेरीस देशात 5,73,220 कैदी होते आणि त्यातले 4,34,302 कच्चे, म्हणजे चारातले तीन जण असे की ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम 479 प्रमाणे पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सुटकेचा हक्क येतो, जन्मठेप किंवा फाशीचे गुन्हे आणि एकापेक्षा जास्त केसेस सोडून. पण आतल्या पोराला हे सांगणार कोण? कोर्टात न्यायला पोलीस पार्टी आली नाही म्हणून तारीख गेली, व्हीसी म्हणजे व्हिडिओवरून हजेरी लागली नाही म्हणून तारीख गेली, जामीन झाला तर जामीनदार नाही. पाहणीला येणाऱ्याने भिंती बघण्याआधी प्रत्येकाला एवढंच विचारावं, किती महिने झाले, वकील कोण, शेवटची तारीख कधी. जेलचा स्टाफ कमी आहे, त्यांच्याही ड्युट्या वाईट आहेत हे मी डोळ्यांनी बघते, उलट असा अहवाल लिहिला गेला तर त्यांच्या रिकाम्या जागांचीही नोंद होईल.

1979 मध्ये तिहारच्या एका कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल कोर्टाला चिठ्ठी लिहिली, सुप्रीम कोर्टाने तीच याचिका मानली आणि न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तक्रारपेट्या ठेवायला सांगितल्या. त्या पेट्या आपल्या जेलमध्ये आहेत का, कोण उघडतं, शेवटची कधी उघडली, हे तुमच्या बातमीदाराने माहितीच्या अधिकारात विचारावं ही विनंती. सोबत अभ्यागत मंडळाच्या सदस्यांची नावं, गेल्या तीन वर्षांतल्या भेटींच्या तारखा आणि त्यांनी वहीत काय शेरे लिहिले तेही मागा आणि जसंच्या तसं छापा. आणि जिल्हा न्यायाधीश साहेब हे पत्र वाचत असतील तर सदस्यांची नावं आणि फोन नंबर मुलाखतीच्या खोलीबाहेर मराठीत, मोठ्या अक्षरात लावायला सांगावं.

आपली,
एक वाचक, पुणे जिल्हा